नावाड्याची मनधरणी

धाकट्याने रचलेल्या गोष्टीच्या खेळात आज तलवारीला काम नव्हतं. रुसलेल्या नावाड्याला ताईने बोलून पटवायचं आणि वीस आकड्यांचा फासा टाकायचा. दहाच्या वर पडला की नाव पैलतीरी, गोष्ट संपली. नाहीतर उरलेली गोष्ट ताई पुढच्या खेपेला घरी येईल तेव्हा. उद्या सकाळी ताई परगावी नोकरीला निघणार होती.

त्याला बसवेना. 'देवा, कमीच पडू दे रे!'

"नावाडी ऐकायचा नाही हं, ताई."

"तुझ्यासारख्या हट्ट्याला जन्मभर पटवत आलेय मी!" तिने वाटीत फासा खुळखुळवला, वाटी पालथी घातली, कड उचलून एकटीनेच पाहिलं. "हरले बाई! आता पुढच्या खेपेला."

ती बॅग भरायला उठली. त्याने हळूच वाटी उचलली.



फाशावर वीस होते.