तळाचा पत्रा

मासळीच्या कारखान्याला द्यायची खाऱ्या पाण्याची टाकी ट्रकवर चढवायची तेवढी बाकी होती, आणि सुनेने हात आडवा केला. स्टील तपासायच्या रसायनाचा थेंब टाकीवर सगळीकडे गुलाबी झाला होता. तळाच्या पत्र्यावर मात्र रंगच येत नव्हता.

"बाबा, हा पत्रा मिठाला टिकणाऱ्या ३१६ नंबरच्या स्टीलचा नाही, साध्या ३०४ चा आहे. पुरवठादाराने चुकीचा दिलाय. थोड्याच दिवसांत भोकं पडतील."

सासऱ्यांचा पारा चढला. त्यांची चाळीस वर्षं या वर्कशॉपात गेली होती, आणि हिला येऊन सहा महिनेही झाले नव्हते. "तळ पाण्याखाली जाणार. दिसणार कोणाला?"

"टाकीवर नाव तुमचं कोरलंय, बाबा," ती म्हणाली आणि जागची हलली नाही.

सासऱ्यांनी टाकीवरच्या आपल्या नावावरून हात फिरवला. मग त्यांनी स्वतःच ट्रक परत पाठवला, तळ कापायला सांगितला आणि गिऱ्हाइकाला फोन लावला. आठ दिवस उशीर होणार म्हटल्यावर पलीकडचा माणूस भडकलाच. "तयार टाकी अडवली कोणी?"

सासऱ्यांची छाती फुगली. सगळ्या वर्कशॉपला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आमच्या नव्या मालकीणबाईंनी!"