अंबरीच्या जागी

“जूनमध्ये सफरचंद पिकतंय म्हणे. काश्मिरात अजून बोराएवढं असेल,” शहाजीराव झाडाखाली वाकून पुटपुटले.

स्वयंपाकघराच्या जाळीआड भांडी विसळणाऱ्या शिवांजलीनं नळ बंद केला. सासऱ्यांना कळलं की काय?

झाड अंबरीचं नव्हतंच. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त होताना शहाजीरावांनी शोपियाँहून अंबरी सफरचंदाचं कलम मांडीवर ठेवून आणलं होतं. दिल्लीत, द्वारकेच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटपुढं वीतभर बाग, तिथं लावलं. उन्हाळ्यात ओलं गोणपाट, थंडीत बुंध्याशी बर्फ. सोसायटीतले विचारायचे, सुभेदारसाब, दिल्ली में सेब? ते म्हणायचे, नवा रंगरूट आहे, होईल तयार.

गेल्या मे महिन्यात त्यांचं ऑपरेशन झालं. डबे घेऊन हॉस्पिटलच्या चकरा मारताना शिवांजली पाणी घालायला विसरली. अंबरीची काडी झाली.

डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, राजवर्धनला, बाजूला घेऊन जे सांगितलं, ते बाबांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही असं ठरलेलंच होतं. त्यांना सांगितलं, साधी गाठ होती, काढली, बस. त्यात झाडाचं कुठं सांगायचं? त्यांचं मन मोडायला नको, असं सखुबाई, तिच्या सासूबाईच म्हणाल्या. मग राजवर्धननं नर्सरीतून तेवढ्याच उंचीचं, गरम हवेत येणारं सफरचंद आणून गुपचूप लावलं. आणि त्या मेल्या नव्या झाडानं यंदा फळं धरली.

शहाजीरावांनी पहिलं फळ तोडून आत आणलं. चाकूनं चार फोडी केल्या. राजवर्धन चावायच्या आधीच म्हणाला, बिल्कुल काश्मीर. सखुबाईंनी दाताचं निमित्त काढलं. शिवांजलीनं हातातली फोड ताटलीत परत ठेवली. वर्षभर हा माणूस तिच्या चुकीला पाणी घालत होता.

“बाबा, ही अंबरी नाही. तुमची अंबरी माझ्यामुळं मेली.”

राजवर्धननं तिच्याकडं डोळे वटारले. शहाजीराव सावकाश फोड चावत राहिले. हॉस्पिटलातून आलो त्याच दिवशी पानावरून ओळखलं होतं, म्हणाले. तिला एकदम हलकं वाटलं. रडता रडता हसूच आलं.

“झाडाचं सोड, पोरी. ते इथं टिकणारं नव्हतंच. पण झाड मेलं, एवढंसुद्धा तुम्ही मला सांगितलं नाहीत,” ते म्हणाले. “तेव्हाच समजलो, मला कॅन्सर आहे.”