पावलाला पन्नास

दोन पावलांचे शंभर रुपये, म्हणजे पावलाला पन्नास. वर्षाचे बाराशे. एवढी महाग पावलं नामाने उभ्या जन्मात टाकली नव्हती.

१९९४ सालचा मे महिना. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नरची जागा होती. मॅनेजर उत्तमरावांनी महिन्याचा पगार एकोणतीसशे पन्नास सांगितला. नामा उठला, "येतो साहेब" म्हणाला आणि दाराकडे निघाला. दुसऱ्या पावलाला मागून हाक आली.

"अहो, बसा तर खरं. तीन हजार पन्नास. यावर एक पैसा नाही."

ही विद्या बायकोची. सगुणाने बारा वर्षं ठाण्याच्या बाजारात मासळी विकली होती. निघताना तिनेच बजावलं होतं, "पयला भाव आयकला का उठाचा. दोन पावला टाकाची. पाठशी हाक येतेच. गिरायका माजेशी रोज ह्याच करतान." दिवाळीपासून मात्र ती घरी होती. हृदयाची झडप बिघडली म्हणून डॉक्टरांनी बसवलं होतं. ऑपरेशनची तारीख मिळाली होती बावीस ऑगस्ट, कामगार विम्यातून, फुकट. नामाच्या बंद पडलेल्या जुन्या कंपनीने दिलेले पैसे एप्रिलात संपले होते, आणि दोन पोरींसकट घराला महिन्याला एकोणतीसशे लागतात हा तिचा हिशेब कधी चुकत नसे.

टाइमकीपर काळुराम बाहेरच्या टेबलावर फॉर्म भरत होता. नाव, वय, जुनी नोकरी. खालच्या एका रकान्यावर त्याने आडवी रेघ मारली.

"ते काय खोडलंत?" नामाने विचारलं.

"कामगार विमा. पगार तीन हजारांच्या वर गेला की नाही मिळत. तुम्ही पन्नासने वर गेलात."

"पण माझं जुनं कार्ड आहे ना. बायकोचं ऑपरेशन आहे त्याच्यावर."

"जुनी कंपनी कधी बंद पडली?"

"सप्टेंबरात."

"म्हणजे कार्ड जूनअखेरपर्यंतच चालणार. ऑपरेशन कधी?"

नामाने तारीख सांगितली. काळुरामने पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता, नुसता आकड्यांचा पक्का होता.

"तुम्हाला काय वाटलं, साहेब तुम्हाला घाबरले? तुमच्या विम्यात कंपनीने महिन्याला एकशे अठरा भरायचे, ते वाचले. शंभर तुम्हाला दिले, अठरा ठेवून घेतले."

त्याच ऑपरेशनचे खाजगीत सत्तर हजार सांगितले होते.

नामा परत आत गेला. पगार कमी करा म्हणणारा माणूस उत्तमरावांनी वीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यांनी चष्मा पुसून घातला.

"एकोणतीसशे पन्नासच द्या, साहेब."

"तो भाव मघाचा. का रे, झालं काय?"

नामाने सगळं सांगितलं. झडप, तारीख, सत्तर हजार. बाजारात आपली नड सांगायची नसते, हे सगुणाने त्याला शिकवलं नव्हतं. तिला वाटलं असेल, एवढं तर पोरालाही कळतं.

"बिचारी," उत्तमराव म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. मग त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "पण विमा धरायचा तर माझा खर्च वाढतो. मालकाला काय सांगू मी?"

"अठ्ठावीसशे द्या."

उत्तमराव कागदाकडे बघत राहिले. लिहिलं काहीच नाही.

"सव्वीसशे, साहेब. ओव्हरटाइमला कधी नाही म्हणणार नाही."

"बाहेर अजून तिघं बसलेत, बाबा. त्यांचंही ऐकायला नको का?"

असं म्हणून ते खुर्चीतून उठले आणि पुढच्या माणसाला बोलवायला दाराकडे निघाले. दोनच पावलं गेले असतील.

"चोवीसशे," नामाने मागून हाक मारली.

चोवीसशेवर सही झाली. काळुरामने नवा फॉर्म घेतला आणि कुटुंबाच्या रकान्यात 'सगुणा, पत्नी' असं वळणदार अक्षरात लिहिलं. नामाकडे मात्र त्याने वर बघितलं नाही.

घरी सगुणाने आकडा विचारला. नामाने चोवीसशे सांगितले, विमा सांगितला, मधलं काही सांगितलं नाही.

"विमा हाय ना? मंग झाला," ती म्हणाली. मग बोटांवर काहीतरी मोजत राहिली. पाचशेवर बोटं थांबली.

"मी ओव्हरटाइम करीन," नामा म्हणाला.

"कर," ती म्हणाली. "तवर पोरीनी काय खावाचा?"

त्या दिवशीच्या व्यवहारात कारखान्याचा तोटा काहीच झाला नाही. पहिल्या भावापेक्षा माणूस साडेपाचशेने स्वस्त पडला, शिवाय विम्यातला कंपनीचा वाटाही बावीस रुपयांनी उतरला. नामाचं नुकसान झालं असं कोणी म्हणेल, पण ते भरलं त्याने नाही. सोमवारी सकाळी तो पहिल्या पाळीला निघाला, तेव्हा सगुणा बंदरावरून मासळी घेऊन बाजाराची वाट चालत होती. भरलेली पाटी वीस किलोची होती, आणि बावीस ऑगस्टला अजून नव्वदावर दिवस होते.