तळघरात रेंज

"मला एकच फोन यायचाय," कडककाका म्हणाले. "पण तो आला पाहिजे."

जेवणाची सुट्टी होती. हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत, इस्त्रीच्या लांब टेबलावर तीन मोबाइल ओळीने मांडले होते. तीन माणसांचे, तीन कंपन्यांचे. काका इस्त्रीवाले. त्यांच्या हातची कॉलर मान कापेल इतकी कडक, म्हणून हे नाव. माणूस मात्र लोण्याहून मऊ. त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते, ती दूरच्या गावी, आणि काकांच्या मोबाइलला तळघरात औषधालासुद्धा रेंज नव्हती.

"लेक जन्मली तेव्हाही मी इथेच होतो," त्यांनी दहाव्यांदा सांगितलं. "अख्ख्या गल्लीला सकाळी कळलं. मला संध्याकाळी, घरी गेल्यावर. या वेळी कंपनीच बदलतो."

मशीनवाल्याने हे फारच मनावर घेतलं. त्याच्या कंपनीचा टॉवर म्हणे समोरच्याच गच्चीवर होता. तो वर रस्त्यावर गेला आणि पहारेकऱ्याच्या फोनवरून एकेक नंबर लावू लागला. खाली सगळे श्वास रोखून बसले. त्याचा स्वतःचा फोन मूग गिळून गप्प. सुपरवायझरबाईंचा महागडा फोन एकदा नुसता उजळला आणि विझला. वाजला तो घड्या घालणाऱ्या मावशींचा, बटणांचा, रबरबँडने बांधलेला. असा वाजला की मावशींच्या हातातला घास पडला.

"माझ्या कंपनीला हसत होतात ना सगळे?" मावशी म्हणाल्या. जणू टॉवर त्यांनीच उभारला होता. "पण काका, नवीन सिम कशाला? जावयांना माझा नंबर द्या. मी सांगेन की तुम्हाला."

"मग मला तुमच्याकडून कळणार. मला लेकीच्या तोंडून ऐकायचंय. पहिला फोन बाबांना, असं कबूल केलंय तिने."

संध्याकाळी मोबाइलच्या दुकानदाराने काकांपुढे मावशींच्या कंपनीचे प्लॅन पसरले. रोज दोन जीबी, वर सिनेमे फुकट. काका म्हणाले, सिनेमे नकोत, एक फोन हवाय. मग अठ्ठावीस दिवसांचा घ्या, दुकानदार म्हणाला. डॉक्टरांनी दिलेली तारीख सव्वीस दिवसांवर होती. पण पहिलटकरणीचं काय सांगावं? काकांनी चौऱ्याऐंशी दिवसांचा घेतला.

"लेकीला मूल व्हायचंय, हत्तीचं पिल्लू नाही," मावशी दुसऱ्या दिवशी म्हणाल्या.

त्याच दिवशी घोटाळा कळला. मशिनं सुरू झाली आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. परीक्षा झाली होती जेवणाच्या सुट्टीत, मशिनं बंद असताना. आठ मशिनं चालू लागली की तिथे आपला खोकला आपल्याला ऐकू येत नाही. इतकी वर्षं सगळे हातवाऱ्यांनीच बोलत आले होते. त्यामुळे फोन कानाने ऐकायचा असतो हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

काकांनी फोन थरथरता करून खिशात ठेवून पाहिला, पण तिथे जमीनच थरथरायची. शेवटी तो टेबलावर समोर उताणा ठेवला. एक हात इस्त्रीवर, डोळे फोनवर. तिसऱ्या दिवशी उशीचा एक अभ्रा जळाला. काकांच्या हातून असं कधी झालं नव्हतं. सुपरवायझरबाईंनी अभ्र्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि अभ्रा मुकाट्याने चिंध्यांत टाकला.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी अकराला फोन उजळला. लेकीचं नाव.

काकांनी इस्त्री उभी ठेवून तो कानाला लावला. दुसऱ्या कानात बोट घातलं. रेंज पूर्ण होती आणि ऐकू येत होती फक्त आठ मशिनं. वर पळावं तर जिन्यात फोन तुटणार, आणि तोवर ती दुसऱ्या कुणाला तरी लावणार. "ठेवू नकोस, बाळा, ठेवू नकोस," काका जिवाच्या आकांताने सांगत होते. त्यांचे डोळे भरून आले.

मावशींनी ते पाहिलं आणि मशीनवाल्याला खूण केली. त्याने दोन्ही हात वर केले. धुणं अर्धवट असताना मशीन थांबवायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. बाईंचा हुकूम होता.

बाई काचेच्या केबिनमधून बाहेर आल्या. काकांकडे एकदा पाहून त्या सरळ भिंतीवरच्या बोर्डापाशी गेल्या आणि मुख्य दांडा खाली ओढला.

आठही मशिनं हळूहळू थांबली. कुठेतरी पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज.

"बाबा? ऐकताय ना?" लेकीचा दमलेला, हसरा आवाज. "मुलगी झाली. पाऊणच तास झालाय. अजून कुणालाच नाही सांगितलं. थांबा, तिला देते."

काकांनी स्पीकर लावला. एक बारीक, रागावलेलं, खणखणीत रडणं तळघरभर पसरलं. मशीनवाल्याने सवयीने हातानेच विचारलं, काय? आणि काकांनीही हातानेच पाळणा हलवून दाखवला. मग दोघांनाही हसू आवरेना. मावशी पदराने डोळे पुसत हसत होत्या. काका तर हसतही होते आणि रडतही होते. तळघरातल्या सगळ्यात सुखी माणसाची इस्त्री बाजूला अजून गरमच होती.

रडणं थांबलं. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. आता आठही मशिनांतले कपडे पहिल्यापासून धुवावे लागणार होते. बाईंचा हात दांड्यावरच होता.

"मला नीट ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या. "आणखी एकदा रडायला सांगा तिला."