जमा केलेली कातर

"साहेब, तुमी माझा एडका अर्धा नागवा केलाय!"

म्हाळसाबाईनं एडका थेट साहेबाच्या टेबलापर्यंत ओढत आणला होता. बारामतीच्या पशुसंवर्धन कचेरीत माणसं अर्ज घेऊन यायची. ही बाई पुरावाच घेऊन आली. एडक्याच्या डाव्या अंगाला भरघोस लोकर, उजव्या अंगाला नुसतं कातडं. इकडून बघावं तर नवरदेव, तिकडून बघावं तर सुतकी.

आठ दिवसांपूर्वी साहेबाची जीप कऱ्हाटीच्या धनगरवस्तीवर आली. सत्त्याण्णव सालची नवी योजना. जुनी कातर जमा करा, लोकर कातरायचं विजेचं मशीन न्या. म्हाळसाबाईनं कातर दिली, कागदावर अंगठा दिला. मशीन घरघरलं, एडका निम्मा झाला आणि लाइट गेली. पुढं आठवडाभर तेच. लाइट असली की मेंढरं माळावर. मेंढरं दारात आली की लाइट गुल.

"दसरा झाला की आमी मेंढरं घिऊन वाट धरतो. सत्तर मेंढरं कातरायची हायती. माळावर तुमचं मशीन कुठं खुपसू?"

"आजी, जरा जपून बोला." साहेबानं एडक्याच्या तोंडातून परिपत्रक सोडवलं. कोपरा गेला होता. "तुमची कातर भंगारात काढली. पुण्याला गेलीसुद्धा. असल्या कातरीनं आता गवतही कापलं जात नाही."

"भंगार? माझ्या सासऱ्यानं मोटारीच्या पाट्याची घडवून घेतली हुती ती. सासरा गेला, नवरा गेला, तिची धार न्हाय गेली!"

तेवढ्यात शिपाई तात्याबा दारात आला. "साहेब, खंडेनवमीची पूजा मांडलीया. चला."

साहेबाची सुटका झाली. बूट काढून तो शेजारच्या खोलीत गेला, हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला. सगळी कचेरी मागं उभी. म्हाळसाबाईही गेली, एडक्यासकट.

भिंतीकडेला विजेची चार मशीनं, अजून खोक्यातच. शेजारी बंद पडलेला टाइपरायटर. आणि मधल्या पाटावर, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून, एक कातर.

"माझी कातर!" म्हाळसाबाई ओरडली.

साहेबाचे डोळे उघडले. "तात्याबा, ही इथं कशी?"

तात्याबानं डोकं खाजवलं. "कुंपणाची मेंदी हिनंच कापतो, साहेब. गठ्ठ्यांच्या सुतळ्या बी हिनंच. म्हून पुण्याला धाडली न्हाय. आन खंडेनवमीला चालतं हत्यार पुजायचं असतंय. कचेरीत चालणारं ह्ये एवढंच गावलं."

कुणी हसलं नाही. हसायला एकेक जण बाहेर गेला.

साहेब घाईनं हात सोडायला गेला. म्हाळसाबाई आडवी आली.

"हात सोडू नका! आधी सांगा, भंगारापुढं ते कशापायी जोडलेत?"