बेचाळीस किल्ल्या

संध्याकाळची सहा दहाची बस फाट्यावर थांबली आणि शिंपीणबाईंची सून दारातून आत पळाली. शिलाईच्या टेबलावर बेचाळीस किल्ल्यांचा ढीग पडला होता आणि कुठली कुणाची, ते तिला सांगता येत नव्हतं.

रोज सकाळी शहरात कामाला जाणारं अर्धं गाव घराची किल्ली या दुकानात ठेवून जायचं. घरातला जो आधी परतेल तो घेईल. किल्लीवर नाव नाही, नंबर नाही. चोराच्या हाती लागली तरी त्याला काही कळायला नको. खूण म्हणून त्या घरच्या शिवलेल्या कपड्याची एक चिंधी बांधलेली, बस्स. लग्नाला महिना झालेल्या सुनेला त्या चिंध्या कळकट वाटल्या. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला तेवढ्यात तिनं सगळ्या कापून कचऱ्याच्या बादलीत टाकल्या आणि किल्ल्या घासून लख्ख केल्या. हौस हो, दुसरं काय!

"आई, चुकलं माझं," ती रडकुंडीला आली.

तीस वर्षांत एकही किल्ली भलत्या हातात गेली नव्हती. सासूबाईंनी ढिगाकडे पाहिलं. "रडायचं नंतर बघू. आधी खुर्ची सरकव."

दारात रांग लागलीच. "काय हो, आज लॉटरी काढायची का?" रंगारी ओरडला. सून शरमेनं अर्धी झाली.

सासूबाईंनी डोळे मिटले, ढिगात हात घातला. "ही नर्सबाईंची. वाकलीय. दारावर राग काढता वाटतं? ही मास्तरांची, कुत्र्यानं चावलेली. आणि लॉटरीवाल्या, ही तुझी. कडेला चरे पडलेत. रंगाचे डबे उघडतोस ना हिनं?"

रांगेत हशा पिकला. किल्ल्या भराभर गेल्या. घेताना एकानंही उलटून पाहिली नाही. ही माझी सासू, सुनेला ओरडून सांगावंसं वाटलं.

शेवटी एकच उरली.

"ही डॉक्टरांची," सासूबाई म्हणाल्या. "घर विकून शहरात गेले, त्याला चार वर्षं झाली. नव्या मालकानं कुलूपसुद्धा बदललं."

"मग कशाला ठेवायची?"

"परत द्यायला गेले होते मी. घेतली नाही. म्हणाले, तुमच्याकडे किल्ली आहे तोवर मी त्या गावचा."

कोपऱ्यातली कचऱ्याची बादली ओढून सून खाली बसली.

"त्यांची चिंधी कुठली होती, आई?"