दुसऱ्या बशीतला टिप्या

पडवीत ताटली सरकल्याचा आवाज झाला आणि संघरत्नाची इस्त्री कोटाच्या बाहीवरच थांबली. बाहेर तिची लेक विशाखा होती. रोजच्यासारखी भाकरी कुस्करून ठेवत होती, टिप्या कुत्र्यासाठी. तो आला आणि जेवण नसलं तर, असं तिचं म्हणणं.

गोजाबाई तांदूळ निवडत होत्या. सुनेकडं न बघता म्हणाल्या, "सांगून टाक गो पोरीला. गावची कुत्री माजली भाकरी खाऊन."

सांगायचं काय, ते घरात दोघींनाच माहीत होतं. मुरबाडच्या रस्त्यावर टँकरनं टिप्याला उडवलं, तेव्हा शेजारच्या अनंताच्या टेम्पोत घालून संघरत्नानंच त्याला मुंबईला नेलं, ती कामाला आहे त्या जनावरांच्या दवाखान्यात. मणका गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, इंजेक्शन देऊन सोडवू का याला? ती हो म्हणाली. मग वरच्या प्रयोगशाळेतले तिचे साहेब खाली आले. कुत्रा तरुण आहे, पुढचे सांधे शाबूत आहेत, आपल्या प्रयोगाला असाच हवा होता, म्हणाले. ती त्यालाही हो म्हणाली. घरी आल्यावर लेकीला सांगितलं, टिप्या दवाखान्यात आहे. तेवढं खोटं नव्हतं.

विशाखा हात पुसत आत आली. "आई, आज तरी आणलास फोटो?"

संघरत्नानं इस्त्री बंद केली, तिला मांडीवर ओढलं आणि मोबाइल काढला. आज सांगायचंच, असं ठरवून. फोटोत फिकट, लांबट ठिपके होते, दाटीवाटीनं एकमेकांना बिलगलेले.

"हा टिप्या?"

"टिप्याच्या सांध्यातलं आहे हे. हाडाच्या टोकाला मऊ गादी असते ना, कूर्चा म्हणतात तिला. तिच्यातल्या पेशी. प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवतेय मी."

"म्हणजे वाढतोय तो."

पोरगी अशी काही हसली की संघरत्नाचं पुढचं वाक्य राहूनच गेलं. मग ती दुसरंच सांगत बसली. बशीत क जीवनसत्त्व घालावं लागतं, आवळ्यात असतं ते. शिळं झालं की चालत नाही, ताजं करून द्यावं लागतं, म्हणून तर आई रविवारची पण जाते. कुत्र्याच्या अंगात ते आपोआप होत असतं, पण अंगापासून वेगळं काढलं की कुणीतरी आठवणीनं द्यायला लागतं. हे शेवटचं सांगताना तिनं लेकीचे केस उगीचच मागं सारले.

"कुत्र्याला ताजं," गोजाबाई सुपातच बघत म्हणाल्या, "नि पोरीला सकाळचं गार."

तेवढ्यात विशाखानं बोटानं पुढचा फोटो सरकवला. यातले ठिपके तुरळक होते, सुटे सुटे, काही आक्रसलेले.

"हा कोण?"

"तो पण टिप्याच."

"मग असा का?"

"त्याच्या बशीत ते घालायचं नाय. एकाला द्यायचं, एकाला नाय. तेव्हा कळतं, दिल्यानं काय होतं ते."

बश्यांवर मार्करनं खुणा तिनंच केल्या होत्या. हाताला आली ती बशी उचलून.

विशाखा दोन्ही फोटो पुढं मागं सरकवत राहिली. हसू केव्हाच गेलं होतं. मग तिनं मोबाइल आईच्या हातात दिला, मांडीवरून उतरली आणि समोर उभी राहिली.

"कुठल्या टिप्याला नाय द्यायचं, ते कोण ठरवतं गो आई?"